खूण एक, पक्षी किती?

वर्ष संपत आलं की आम्हा पक्षिवेड्यांचा एकमेकांना पहिला प्रश्न असतो, "यंदा किती जाती?" गेल्या वर्षी माझ्या वहीत ११८ भरल्या. शेवटची भर घालण्यासाठी डिसेंबरात भाड्याची गाडी करून चार तास गेलो. पक्षी दिसला, खूण केली, परत फिरलो. तो काय करत होता, ते आज आठवत नाही.

अमेरिकेच्या नोआ स्ट्रायकरने २०१५ साली जगभर फिरून एका वर्षात ६,०४२ जाती पाहिल्या. रोजच्या सरासरी सोळाहून अधिक! जिद्दीला दाद द्यायलाच हवी. पण या यादीत प्रत्येक जात एकदाच मोजतात. दुसऱ्यांदा दिसलेल्या चिमणीला तिथे जागा नाही.

सालिम अलींनी १९३० साली, हाताला नोकरी नसताना, अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्यांची वसाहत न्याहाळली. नर अर्धवट घरटं विणतो, मादी ते तपासते, पसंत पडलं तर राहते. मग नर ते पूर्ण करून दुसरं विणायला घेतो. हे कळलं ते एका जागी पुन्हा पुन्हा बसल्यामुळे. वार्षिक यादीत त्याची किंमत फक्त एक.

यादी करूच नका, असं माझं म्हणणं नाही. तिच्यामुळे माणूस पहाटे घराबाहेर पडतो. पण जातीपुढे संख्याही लिहा. शंभर चिमण्यांची एकच उरली, तरी खूण तीच राहते.

यंदा मी घरामागच्या विहिरीवरच्या बाभळीपाशी बसणार आहे. आकडा घटेल. घटू दे.