पैसे लावायचे नाहीत, द्यायचे



आयपीएल सुरू व्हायच्या आधी आठवीतला नातू येऊन म्हणाला, "आजी, आपल्या घरच्यांची फँटसी लीग काढूया का? तू पण खेळायचंस." मी पटकन "नको" म्हणाले. मग त्याचं तोंड बघून म्हटलं, "आधी मला समजव, मग सांगते."

माझ्या "नको" मागे कारण होतं. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका मुलाने अशाच एका ॲपवर ४९ रुपये लावून सहा हजार जिंकले होते. तो आनंदाने सांगायला आला, तेव्हा मीच त्याच्या हातावर पेढा ठेवला होता आणि म्हटलं होतं, "हुशार आहेस!" दोन वर्षांनी त्याच्या वडिलांनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडून त्याचं कर्ज फेडलं. त्या घरी गेले की मला तो पेढा आठवतो. पाठशाळेत आपण सप्तव्यसनं पाठ केली, त्यात पहिलंच नाव द्यूताचं. पण मोबाईलवर ते क्रिकेटचे कपडे घालून आलं आणि मला ओळखू आलं नाही.

नातवाने मात्र नीट समजावलं. सामना खरा, खेळाडू खरे. दोन्ही संघांतून आपण अकरा जण निवडायचे. त्यांनी मैदानात जे केलं, त्याचे गुण आपल्याला. एक कर्णधार नेमायचा, त्याचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. नाणेफेक सातला होते, तेव्हा कोण खेळणार ते कळतं. साडेसातला पहिला चेंडू पडायच्या आत आपली यादी पक्की करायची. खेळ म्हणून त्यात वाईट काय? खेळपट्टी बघा, कोण फॉर्मात आहे बघा, डोकं चालवा. न्यायालयांनीही याला कौशल्याचा खेळ म्हटलं होतं. गाडी घसरते ती पैशांपाशी.

मी बी.कॉम. झालेली बाई. मी त्याला वहीत हिशेब मांडून दाखवला. समजा दहा जणांनी शंभर-शंभर रुपये भरले, हजार झाले. खेळवणारा आपले दीडशे काढून घेणार आणि साडेआठशे वाटणार. म्हणजे दहा जण मिळून दीडशे रुपये हरले, आणि हे नाणेफेकीच्या आधीच ठरलेलं! एखादा जिंकतो, त्याचा फोटो जाहिरातीत येतो. बाकीच्यांचा फोटो कोण लावणार? वर कर वेगळे. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस. दुकानात असा व्यवहार कुणी आणला असता तर आपल्या सासऱ्यांनी त्याला पाणी देऊन परत पाठवलं असतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळवायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, त्यात बंद केले. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड सांगितला आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मला हे योग्य वाटलं. ज्याचं घर आधीच बुडालं आहे त्याला आणखी काय बुडवायचं? पण कायदा झाला म्हणून आपलं काम संपलं असं नाही. पैसे लावायची सवय ॲपमध्ये नसते, मनात असते. सोसायटीच्या जिन्यात उभं राहूनही पन्नास-पन्नास रुपये लावता येतात.

शेवटी आम्ही लीग काढली. नऊ जण: आम्ही दोघं, मुलगा-सून, दोन नातवंडं, बेंगळुरूची मुलगी, जावई आणि माझी जाऊबाई. कुठल्या ॲपवर नाव घातलं नाही, बँकेचा किंवा यूपीआयचा संबंधच नको. व्हॉट्सॲपचा एक ग्रुप आणि सुनेने केलेली एक शीट, एवढंच. तुमच्या घरी मुलं मागे लागली असतील तर आमचे अनुभव सांगते. आठ-दहा जणांपेक्षा जास्त घेऊ नका. गुण कसे द्यायचे ते पहिल्या सामन्याआधी लिहून काढा. आम्ही धावेला १, बळीला २५, झेलाला ८ ठरवले. पण धावबाद लिहायचं राहिलं आणि पहिल्याच दिवशी आजोबा-नातवाचं वाजलं. हिशेब ठेवणारी व्यक्ती एकच असू द्या. रोज खेळू नका. आम्ही फक्त शनिवार-रविवारचे संध्याकाळचे सामने घेतले, म्हणजे अभ्यास बुडत नाही. आपली जेवणं सूर्यास्ताआधी आटोपलेली असतात, त्यामुळे साडेसातला सगळे मोकळे!

आणि पैसे? नातवंडांना काहीतरी "लावायचं" होतंच. मग आम्ही ठरवलं की प्रत्येकाने सुरुवातीलाच शंभर रुपये द्यायचे, पण ते कुणालाच परत मिळणार नाहीत. नऊशे रुपये पांजरपोळाच्या चाऱ्याला. पहिला आला तरी तेवढेच, शेवटचा आला तरी तेवढेच. जिंकणाऱ्याने फक्त रविवारच्या नाश्त्याचा बेत सांगायचा. नातीने लागोपाठ दोनदा जिंकून दोन्ही वेळा थालीपीठच मागितलं, अर्थात बिनकांद्याचं. लावणं आणि देणं यातला फरक मुलांना मी प्रवचन देऊन शिकवू शकले नसते.

मंदिरातल्या एका ताईंना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या, "आज फुकट, उद्या पैशाने. दार कशाला उघडता?" त्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही. पण दार मुलांच्या हातातल्या फोनमध्ये आधीच उघडं आहे. आपण नुसतं "नको" म्हटलं तर ती आपल्या पाठीमागे खेळतील. त्या मुलाच्या घरी कुणीच त्याच्या शेजारी बसून हिशेब मांडला नव्हता. मीही नाही. मी पेढा दिला होता.

एक गोष्ट मात्र मला नातवाने नाही, माझ्याच तोंडाने शिकवली. तिसऱ्या आठवड्यात एका फलंदाजाला मी संघात घेतलं नव्हतं, आणि तो सुटला होता नुसता. चौकार, षटकार! माझ्या तोंडून निघालं, "आता बाद हो रे बाबा!" नातू हसला. मी हसले नाही. एका परक्या मुलाने मेहनतीने धावा काढाव्यात आणि मी, रोज सामायिक करणारी बाई, त्याचं वाईट चिंतावं?

अनर्थदंडात अपध्यान सांगितलं आहे. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ सांगताना दुसऱ्यांचा जय-पराजय कसा होईल याचं मनातलं चिंतनही त्यात धरलं आहे. हे मी कित्येक वेळा वाचलं होतं, सोफ्यावर बसून भोगलं पहिल्यांदाच. पैसा नसतानाही मन एवढं घसरतं, मग पैसा लागलेला असताना त्या मुलाचं रात्र-रात्र काय होत असेल, तेही मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर नवा नियम टाकला. कुणी "बाद हो" म्हटलं की दहा गुण वजा. आपल्या खेळाडूसाठी टाळ्या वाजवा, दुसऱ्याच्या खेळाडूने छान खेळ केला तर त्यालाही वाजवा. मुलांना हा नियम इतका आवडला की ती सामन्यापेक्षा मोठ्यांच्या तोंडाकडे जास्त लक्ष ठेवू लागली.

लीग संपली तेव्हा सर्वांत जास्त गुण कुणाचे वजा झाले असतील? आजीचे. चाळीस. मी नवव्या नंबरावर आले. नातवाने शीट दाखवली तेव्हा मी म्हटलं, "बरोबर आहे, हिशेब चोख आहे."

मैत्रिणींनो, तुमच्या घरात मुलं काय खेळतात ते एकदा त्यांच्या शेजारी बसून बघा. आणि एखादा कधी जिंकून पैसे घेऊन आला, तर पेढा देण्याआधी वही काढा.

जय जिनेंद्र.