बालनाट्य अंगणात यावे

दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि गोंडपिपरीच्या परिसरातील माणूस रात्र रात्र जागून नाटक पाहतो. परंतु आईच्या मांडीवर झोपी गेलेल्या चिमुरड्यांसाठी या रंगभूमीने काय करावे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत ‘लिटल थिएटर’ स्थापून रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणले. त्या कार्याचे मोल मोठे आहे. पण प्रेक्षागृहात मूल बव्हंशी प्रेक्षकच राहते. चार-पाच वर्षांच्या बालकास खेळात शिरावयाचे असते. पळसाचे पान हे त्याचे ताट, बांबूची काठी हा त्याचा घोडा. नटाने गोष्ट अर्ध्यावर सोडावी आणि मुलांनी ती पुरी करावी, असे नाट्य त्यास हवे. घरी गोंडी वा झाडीबोली बोलणारे मूल अशा खेळात संकोच सोडून बोलू लागते.

खेळामुळे अक्षरओळख मागे पडेल, ही शंका शिक्षकांनी बाळगू नये. पानाला ताट मानणारे मूल एका वस्तूवरून दुसरीचा बोध करून घेते. अक्षर तरी दुसरे काय करते? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडला परिसरातील साध्या वस्तूंतूनच बालशिक्षण उभे केले.

तेव्हा नाटक मंडळींनी प्रयोगाच्या गावी सायंकाळपूर्वीचा एक तास अंगणवाडीच्या मुलांना द्यावा. त्यास ना रंगमंच लागतो, ना तिकीट. रात्रीच्या नाटकाला उद्याचा रसिक हवा असेल, तर त्याची सुरुवात याच अंगणात व्हावयास हवी.