दगडातला प्राणी आणि घरातले आजारपण

जुने गंडे-दोरे आपल्या घरांतून बऱ्याच अंशी गेले. पण आता नवे गंडे आले आहेत. ते प्रदर्शनात मिळतात, मोबाईलवर मागवता येतात आणि त्यांच्याबरोबर ‘ऊर्जा’, ‘कंपने’ असे शास्त्रीय वाटणारे शब्दही मिळतात. त्यातलाच एक प्रकार म्हणजे जीवाश्म. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांचे आणि झाडांचे दगड झालेले अवशेष ‘उपचाराचे दगड’ म्हणून विकले जात आहेत. गोल वळशांचा अमोनाइट घरात ठेवला की भरभराट होते, दगड झालेले लाकूड उशाशी ठेवले की हाडे बळकट होतात, अंबरची माळ घातली की बाळाला दात येताना त्रास होत नाही, असे विकणारे सांगतात. आपल्या वस्त्यांतही हे दगड पोहोचले आहेत, म्हणून हा विषय घेतला आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. अमोनाइट हा समुद्रातला प्राणी. माकूळ आणि अष्टपाद यांचा तो नातलग. त्याच्या शंखात कप्पे असत. त्यांत वायू भरून तो पाण्यात तरंगत राही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनासोर संपले त्याच सुमारास, हे प्राणीही नाहीसे झाले. मेलेला प्राणी गाळात गाडला गेला, शंखाच्या जागी हळूहळू खनिजे भरली आणि आकार तेवढा राहिला. त्यात चुना, गारगोटी, लोह असे नेहमीचेच पदार्थ असतात. रोग बरा करील असे त्यात काही नाही.

नेपाळमधील काली गंडकी नदीच्या पात्रात मिळणारा शाळिग्राम हाही बहुधा अमोनाइटच. आजचा हिमालय आहे तिथे पूर्वी टेथिस नावाचा समुद्र होता. भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकून आशियाला भिडला, समुद्राचा तळ वर उचलला गेला आणि शंख डोंगरात गेले. परंपरेने मात्र त्या वळशांना विष्णूचे चक्र म्हटले आणि ते वज्रकीट नावाच्या किड्याने कोरले असे सांगितले. एवढ्यावरच भागले नाही. या दगडाला स्त्रियांनी व शूद्रांनी शिवू नये, असेही धर्मग्रंथांतून लिहून ठेवले. जो दगड आपल्या आज्या-पणज्यांना शिवू दिला नसता, त्याचाच भाऊबंद आज आपल्याला पैसे घेऊन विकला जातो. तेव्हा मनाई करून लुबाडले, आता विकून लुबाडतात!

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात पाडल्या गावचे शेतकरी शेतात सापडलेल्या गोल दगडांना ‘काकर भैरव’ म्हणून पूजत आले. शेताचे आणि गुराढोरांचे रक्षण तो करतो अशी त्यांची श्रद्धा. २०२३ साली बातमी आली की ती डायनासोरची अंडी आहेत. त्या शेतकऱ्यांना आम्ही हसणार नाही. त्यांनी कोणाला फसवले नाही, उलट अंडी जपून ठेवली. आमचा राग आहे तो अज्ञानावर दुकान मांडणाऱ्यांवर.

चीनमध्ये जुन्या हाडांना ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणत आणि कुटून औषधात घालत. १९३५ साली कोनिग्सवाल्ड या शास्त्रज्ञाला हाँगकाँगच्या एका औषधाच्या दुकानात दाढ मिळाली. ती एका नामशेष झालेल्या प्रचंड वानराची होती. एक दाढ वाचली म्हणून जगाला तो प्राणी कळला. काढ्यात उकळून गेलेल्या बाकीच्या हाडांचे काय?

आणि हा प्रश्न नुसत्या हाडांचा नाही. अमेरिकेत अंबरची माळ घातलेले दीड वर्षाचे मूल झोपेत गळफास बसून गेले. २०१८ साली तिथल्या सरकारी औषध खात्याने अशा माळांविरुद्ध इशारा दिला. इकडे साखरेचा किंवा रक्तदाबाचा आजार असलेला माणूस खड्यावर विसंबून गोळी बंद करतो आणि महिन्याचे औषधाचे पैसे खड्यात घालतो, तेव्हा त्याचे परिणाम सगळे घर भोगते. कष्टकऱ्याच्या घरात एक माणूस अंथरुणाला खिळला की मुलांचे शिक्षण थांबते. मंत्र, ताईत, कवच यांनी असे रोग बरे होतात अशी जाहिरात करणे १९५४ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

काही जण म्हणतात, “हे तर बौद्ध देशांतूनही येते, दुकानात हसऱ्या बुद्धाच्या शेजारीच ठेवलेले असते.” शेजारी ठेवल्याने ते धम्म होत नाही. विनयपिटकातली हकिकत आठवा. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. तथागतांनी त्याच्या गळ्यात खडा बांधला नाही. आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून बिछान्यावर ठेवले. मग इतर भिक्खूंना सांगितले की आजाऱ्याची सेवा एकमेकांनी करायची. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला, तो हा आहे.

मग जीवाश्म टाकून द्यायचे का? मुळीच नाही. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यात वडधमला दगड झालेली झाडे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरच्या काळातल्या विष्ठेचे दगड मिळाले. त्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले आणि डायनासोरच्या काळीही गवत होते हे २००५ साली जगाला कळले. विष्ठेच्या दगडातूनही ज्ञान मिळते, ते पाहण्याची दृष्टी हवी! मुलांना हे दाखवा, दगड हातात घेऊ द्या, प्रश्न विचारू द्या.

या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एवढे करा. वस्तीत कोण आजारी आहे, कोणाची गोळी चुकली आहे, सरकारी दवाखान्यात कोणाबरोबर जायला माणूस नाही, याची यादी करा आणि कामे वाटून घ्या.

जय भीम!