अकरा महिन्यांची जात

नव्या मुलखात पोटासाठी निघालेल्या माणसाला सगळे शहाणे एकच सांगतात. उपनगर नीट बघून निवड. पाणी किती तास येतं बघ. स्टेशन किती लांब, शाळा कुठं, भाडं किती, डिपॉझिट किती. मला पण सांगितलं. परभणीहून पुण्याला आलो तेव्हा ही सगळी यादी कागदावर लिहून खिशात घातली होती. पाच दिवसांत कळलं की ती यादी माझ्यासाठी नव्हतीच. पाण्याचा प्रश्न विचारायची वेळ माझ्यावर आलीच नाही. त्याआधीचे प्रश्न घरमालकाचे होते.

कंपनी हिंजवडीला. म्हणून वाकड, थेरगाव, पिंपळे सौदागर, पिंपळे गुरव असा पायाला फोड येईपर्यंत फिरलो. ब्रोकर फोनवर पहिलं विचारायचा, आडनाव काय? मी सांगायचो, जाधव. आमचं आडनाव दोन्हीकडचं. त्यांच्यात पण जाधव, आपल्यात पण जाधव. म्हणून मग दुसरा प्रश्न, गाव कुठलं? तिसरा, पाहुणे कुठले? चौथा, व्हेज का नॉनव्हेज? माणूस नोकरी काय करतो, भाडं वेळेवर देईल का, हा प्रश्न सातवा-आठवा. एका सोसायटीत तर वॉचमननंच गेटवर सगळी उलटतपासणी घेतली. बिचारा कुठल्या तरी दूरच्या मुलखातून आलेला. त्याची जात त्याला कुणी विचारली असेल तेव्हा तो काय बोलला असेल कोण जाणे.

गावाला कूस होती. आपण कुसाबाहेर. शहराला कूस नाही असं आम्हाला शाळेत मास्तर सांगायचे. खोटं आहे, भावांनो. कूस आहे. तिला आता रंग मारलाय, कॅमेरा लावलाय, आणि तिला सोसायटीचं गेट म्हणतात.

पाचव्या दिवशी पिंपळे गुरवला एक खोली आवडली. मालक बोलायला गोड. चहा दिला. चहा पिता पिता म्हणाला, "जाधव म्हणजे आपल्यातलेच ना?"

मी हसलो.

हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. नुसता हसलो. त्या हसण्यावर मला खोली मिळाली. अकरा महिन्यांचा करार झाला. लोक जात जन्मभर चोरतात, मी अकरा महिन्यांच्या भाड्यानं चोरली, एवढाच फरक.

हे मी कुणाची दया यावी म्हणून लिहीत नाही. मी काय काय केलं ते तुम्हाला कळावं म्हणून लिहितो, कारण तुमच्यातले निम्मे आज तेच करतायत आणि सभेत माझ्याच शेजारी बसून टाळ्या वाजवतायत. मी बाबासाहेबांचा फोटो टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला. फोनवर कुणी जयभीम घातला की गच्चीवर जाऊन जयभीम परत केला. १४ एप्रिलला अंधारात उठून पिंपरीच्या पुतळ्याकडे गेलो, दिवसभर नाचलो, आणि परत येताना गळ्यातला निळा रुमाल कोपऱ्यावर काढून खिशात कोंबला. जिन्यात मालक भेटला. म्हणाला, "आज फार गर्दी होती हो रस्त्याला, ह्या लोकांची." मी म्हणालो, "हो ना."

हे 'हो ना' माझ्या तोंडून गेलं. माझ्या बापाच्या पोराच्या तोंडून.

नवव्या महिन्यात आई आली. पिशवी खाली ठेवली, चारी भिंती बघितल्या, आणि विचारलं, "बाबासाहेब कुठं हायेत रे?" मी कपाट उघडून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कपाटात कोंडलास व्हय? आपल्या पत्र्याच्या घरात गळत हुतं, तरी ते भिंतीवर हुते." तिनं फोटो काढला, पदरानं पुसला आणि ओट्यावर, डब्यांच्या शेजारी उभा केला. दुपारी शेजारीण विरजणाला दही मागायला आली. तिनं बघितलं. संध्याकाळी मालक वर आला. या वेळी चहा नव्हता. म्हणाला, "पोराचं लग्न ठरायलंय, खोली लागेल. महिन्याभरात बघा दुसरीकडं."

जातीचा शब्द उच्चारला नाही. बघा, सगळी ग्यानबाची मेख इथं आहे.

कायदा नाही असं नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये स्वच्छ लिहिलंय, अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कुठल्याही वस्तीत घर बांधायला, घ्यायला, राहायला अडवणं गुन्हा आहे. शिक्षा एक महिना ते सहा महिने. दंड शंभर ते पाचशे रुपये. ब्रोकर एका खोलीची दलाली ह्याच्या कितीतरी पट घेतो. आणि गुन्हा सिद्ध करायचा तर कारण सिद्ध करायला पाहिजे. कारण काय? पोराचं लग्न. मटणाचा वास. बॅचलर नको. सोसायटीचा नियम. पूर्वी थुंकायला गळ्यात मडकं बांधायचे, ते डोळ्याला दिसत होतं. आताचं मडकं दिसत नाही, म्हणून पंचनामा होत नाही.

संविधानाचं कलम १५ उघडा. दुसऱ्या पोटकलमात दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, करमणुकीची ठिकाणं आहेत, विहिरी, तळी, घाट, रस्ते आहेत. १९२७ साली महाडला ज्या तळ्यासाठी आपल्या बापजाद्यांनी डोकी फोडून घेतली ते तळं त्यात आलं. भाड्याची खोली नावानं आली नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की सोसायटीला सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा पोटनियम करता येतो. म्हंजे सहकाराच्या नावाखाली कूस बांधायला मुभा. पण बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थानं घ्या, पैसे घेऊन सेवा देणारा प्रत्येक जण त्यात धरा, असं सांगितलेलं आहे. जो ब्रोकर बोर्ड लावून खोल्या विकतो तो दुकानदार नाही तर कोण? आपल्यात इतके वकील झाले. हे शस्त्र त्यांनी कधी हातात घेतलं?

बाबासाहेबांना पण खोली मिळाली नव्हती. १९१७ साली कोलंबियाचं, लंडनचं शिक्षण घेऊन ते बडोद्याला नोकरीला गेले. अख्ख्या शहरात राहायला जागा नाही. पारशाच्या धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही दार उघडलं नाही. त्या दिवशी ते गाडीच्या वेळेपर्यंत बागेत बसून राहिले. माझे अकरा महिने आणि त्यांचे अकरा दिवस. फरक हा की ते त्या बागेतून उठले आणि त्यांनी पुढं सगळा देश हलवला. मी पिंपळे गुरवच्या जिन्यात 'हो ना' म्हणालो.

बाबूराव बागूल रेल्वेच्या नोकरीवर सुरतेला गेले होते. तिथं पण खोलीसाठी जात लपवायची पाळी. सहन झालं नाही, नोकरीवर लाथ मारून मुंबईला परतले. १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' हे पुस्तक आलं. आपण त्या पुस्तकावर परिसंवाद घेतो, पीएच.डी. घेतो, आणि घरी जाऊन त्यातल्या नायकासारखंच जगतो.

आता दोन प्रकारचे लोक मला उत्तर देतील. दोघांनाही आधीच सांगून टाकतो.

पहिले आपले दलित ब्राह्मण. ते म्हणतात, अरे आत घुसायचं, मग बघता येतं. सांगतंय कोण जात? दारावर नुसतं 'ए. जी. जाधव' लिहायचं, गणपतीला वर्गणी द्यायची, पोरांना आजोळी फार पाठवायचं नाही. ह्यांना मी विचारतो, आत घुसून वीस वर्षं झाली, बघितलं काय? तुमच्या मागं त्या सोसायटीत आपला दुसरा माणूस आला का? येणार कसा? तो आला तर तुमचं बिंग फुटतं. म्हणून तुम्हीच मीटिंगमध्ये बसून त्याला नाकारता. गेट राखायला आता त्यांना वॉचमन पण लागत नाही.

दुसरे आपले पुढारी. ते म्हणतात, वस्ती सोडू नका, वस्ती म्हंजे चळवळ. बरोबर. वस्तीनंच आपल्याला जगवलं. खडकी, दापोडी, देहूरोड, लष्कराच्या आणि रेल्वेच्या कामावर आलेल्या आपल्या माणसांनी ह्या वस्त्या उभ्या केल्या. पण नाल्याच्या काठावरची दहा बाय दहाची खोली ही चळवळ नाही, ती मतपेटी आहे. पुढाऱ्याला आपण एका जागी कोंबलेले बरे असतो, मोजायला सोपे. १९४२ च्या जुलैत नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या परिषदेनं स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. ती वसाहत सरकारी पडीक जमिनीवर, स्वतःच्या शेतीवर, कुणाच्या ताबेदारीत नसलेली. त्या मागणीचं नाव घेऊन झोपडपट्टीची भलावण करू नका. आणि हे पण आठवा की त्याच बाबासाहेबांनी परळच्या चाळीतून निघून १९३० च्या दशकात राजगृह बांधलं ते दादरच्या हिंदू कॉलनीत. हजारो पुस्तकांसकट, स्वतःच्या नावानिशी. २०२० च्या जुलैत राजगृहाच्या आवारात घुसून कुंड्या आणि काचा फोडल्या गेल्या. इतक्या वर्षांनी पण ते घर कुणाला तरी सलतंय. घर असावं तर असं, सलणारं.

म्हणून उपनगर निवडायची माझी यादी मी नव्यानं केली आहे. एक. दारावर पूर्ण नाव लावता येईल का? दोन. दार उघडल्याबरोबर समोर बाबासाहेब दिसतील का? तीन. चालत जाण्याच्या अंतरावर विहार आहे का, रात्री-अपरात्री हाक मारली तर धावून येणारी चार घरं आहेत का? ह्या तिन्हींना हो आलं की मग पाणी, मग स्टेशन, मग भाडं. आणि ज्या वस्तीत आपलं कुणीच नाही तिथं जायचंच असेल, जायला पाहिजेच, तर एकट्यानं जायचं नाही. दोन-तीन कुटुंबांनी मिळून एकाच इमारतीत, पहिल्या दिवशी जात सांगून जायचं. एकटा माणूस हसतो. तिघं असले की हसावं लागत नाही.

पण खरा प्रश्न मी तुम्हालाच विचारायला बसलोय, कार्यकर्त्यांना. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली निघाली आणि १९२५ च्या जानेवारीत तिनं सोलापूरला वसतिगृह काढलं. परगावहून आलेल्या पोराला डोकं टेकायला जागा. महाडच्या आधीचं काम ते आहे. आज आपल्या जयंती मंडळाकडं स्पीकरच्या भिंती आहेत, मंडप आहे, पावतीपुस्तकं आहेत. परभणीचं, वाशीमचं, उमरग्याचं पोरगं सकाळच्या गाडीनं स्टेशनला उतरतं, त्याला पहिली रात्र काढायला आपल्याकडं काय आहे? आपली एकटी नोकरीवाली पोरगी आली तर तिनं कुणाचं दार वाजवायचं? आपल्या मुसलमान मित्राला तर नाव सांगितल्याबरोबर दार बंद होतं, त्याला हसून खोली मिळवायची पण सोय नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या आसपास भाड्याच्या घरांचा अभ्यास करून २०१५ साली छापला. दलितांना नकार आणि मुसलमानांना त्याहून जास्त नकार, हे त्यांनी फोन लावून, दारात माणूस उभा करून दाखवून दिलंय. वाचून आपण काय केलं? फॉरवर्ड केलं.

मी आता देहूरोडला राहतो. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला जिथं बुद्धमूर्ती बसवली ते विहार इथं आहे. कंपनी लांब पडते, यायला-जायला वेळ जातो. पाणी दिवसाआड. दारावर पूर्ण नाव आहे. आई येते तेव्हा आधी समोरच्या भिंतीकडं बघते, मग पिशवी खाली ठेवते.

विहारात आम्ही एक वही ठेवलीय. शाळेची दोनशे पानी. कुणाची खोली रिकामी होते, कोण मालक जात विचारत नाही, कोण विचारतो, कुठला ब्रोकर काय बोलला, तारखेनिशी लिहितो. दुसऱ्या बाजूनं डिपॉझिटचा फंड, महिना पन्नास रुपये, ज्याला लागेल त्याला बिनव्याजी. आतापर्यंत एकोणीस पोरांना खोल्या मिळाल्या. एकालाही हसावं लागलं नाही. ज्या मालकांनी नकार दिला त्यांची पानं वेगळी आहेत. ती वाढतायत. एक दिवस ती वही कोर्टात जाईल.

पुढच्या जयंतीच्या मीटिंगला तुमच्या मंडळात हा विषय काढा. कुणी म्हणेल, हे काय चळवळीचं काम आहे का? त्याला सोलापूर सांगा. आणि तो कुठं राहतो, दारावर काय लिहिलंय, फोटो कुठं ठेवलाय, तेही चार माणसांत विचारा. मला कुणीतरी पहिल्याच महिन्यात विचारायला पाहिजे होतं.

जय भीम.