लिफ्ट नसलेल्या लॉजवर, लेकरांसह

सुट्टी लागली की आपल्या घरांतून गाणगापूर, बसवकल्याण, बिदर असे बेत ठरतात. तिथली बरीच लॉज दोन-तीन मजली असतात आणि त्यांना लिफ्ट नसते. सोबत दोन वर्षांचं लेकरू आणि गुडघे दुखणारी आजी असेल, तर भाड्याच्या आधी मजला विचारावा. फोनवर नुसतं ‘फॅमिली रूम’ म्हणू नका, ‘तळमजल्यावरची’ असं स्पष्ट सांगा.

गाणगापूरला हे फार जाणवतं. सकाळी भीमा-अमरजा संगमावर स्नान, मग निर्गुण मठात पादुकांचं दर्शन, दुपारी माधुकरी. मध्ये ओले कपडे बदलायचे, लेकराला दूध द्यायचं, झोपवायचं. दिवसातून चार-पाच वेळा जिना होतोच.

वरचीच खोली मिळाली तर एक नियम पाळा. लेकरू ज्याच्या कडेवर, त्याच्याकडे ना बॅग, ना मोबाइल; मोकळा हात कठड्यावर. सामान दुसऱ्या फेरीत आणा, किंवा रात्रीपुरती एक पिशवी वर न्या आणि बाकी गाडीतच ठेवा. चालतं मूल जिना चढताना मोठ्यांनी त्याच्या मागे राहावं, उतरताना एक पायरी पुढे.

खोलीत शिरल्यावर चहा सांगण्याआधी बाल्कनीच्या गजांमधलं अंतर बघा, गच्चीच्या दाराला कडी आहे का बघा, खिडकीखालची खुर्ची बाजूला सरकवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण मग रात्री सगळ्यांनाच निवांत झोप लागते.