शांत झोप ही केवळ आवडीची बाब नव्हे

झोपेच्या बाबतीत माणसामाणसांच्या आवडी किती भिन्न असतात, हे पाहावयाचे असेल तर कोणत्याही मध्यमवर्गीय घरातील रात्री दहानंतरचा अर्धा तास पुरेसा आहे. आजोबांना उशाशी रेडिओ मंद आवाजात चालू असल्याशिवाय डोळा लागत नाही. आजींना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही सोसत नाही. थोरल्या मुलाला भर थंडीतही पंखा हवा असतो, वाऱ्यासाठी नव्हे, तर त्याच्या घरघरीसाठी. वीज जाऊन पंखा थांबला की तो दचकून जागा होतो. लोहमार्गालगतच्या चाळीत वाढलेला माणूस गावी गेला म्हणजे पहिली रात्र तळमळत काढतो, तर गावाकडचा पाहुणा त्याच चाळीत शेवटची गाडी केव्हा जाते याची वाट पाहत पडून राहतो.

अर्थशास्त्रात व्यक्तीची आवड ही सामान्यतः गृहीत धरली जाते. ती चांगली की वाईट, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. रात्रीच्या गोंगाटाचे समर्थन करणारेही नकळत याच भूमिकेचा आश्रय घेतात. कुणाला शांतता आवडते, कुणाला गजबज. ज्याला त्रास होतो त्याने खिडकी लावून घ्यावी. चार दिवसांत सवय होते. गिरणगावातील माणसे इतकी वर्षे भोंग्याच्या आवाजात झोपत नव्हती काय, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो वरवर पटण्याजोगा असला तरी त्यात दोन मोठे घोटाळे आहेत.

पहिला घोटाळा सवय आणि आवड यांच्यातील. गिरणगावात एकाच खोलीत अनेक कामगार पाळीपाळीने झोपत, ते त्यांना गोंगाट प्रिय होता म्हणून नव्हे. दुसरी जागा परवडत नव्हती म्हणून. निरुपायाने अंगवळणी पडलेल्या गोष्टीला आवड म्हणणे हा अन्याय आहे. शिवाय सवय झाली म्हणजे अपाय टळला असेही नाही. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. झोपलेला माणूस आवाजाने जागा झाला नाही तरी त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, आणि सकाळी त्याला त्याची आठवणही नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय कार्यालयाने २००९ साली रात्री घराबाहेरील आवाजाची सरासरी ४० डेसिबलपेक्षा अधिक नसावी असे सुचविले, आणि ५५ डेसिबलच्या वर हृदयविकाराचा धोका वाढतो असा इशारा दिला, तो याच कारणास्तव.

दुसरा घोटाळा अधिक सूक्ष्म आहे. लंडनमध्ये एका मिठाईवाल्याच्या खलबत्त्यांच्या आवाजामुळे शेजारच्या डॉक्टरला रोगी तपासणे अशक्य झाले, आणि १८७९ साली न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली याच खटल्याचा दाखला देऊन असे दाखविले की, उपद्रव नेहमी दुहेरी असतो. डॉक्टरला शांतता द्यावयाची तर मिठाईवाल्याचे नुकसान होते. उभयतांना विनाखर्च वाटाघाट करता आली, तर ज्याला त्या जागेचे मोल अधिक तो दुसऱ्याची भरपाई करून मार्ग काढील. मंडपात ध्वनिक्षेपक लावणाऱ्याचेही म्हणणे हेच असते : ‘तुम्हांला झोपेचा हक्क, तर आम्हांला आनंदाचा.’

परंतु ‘विनाखर्च वाटाघाट’ ही अट ध्यानात घेतली पाहिजे. लंडनमध्ये शेजारी दोनच होते. आपल्या गल्लीत एका बाजूस शेकडो झोपणारे असतात. त्यांत आजारी वृद्ध असतो, बाळंतीण असते, सकाळी परीक्षेला बसणारा विद्यार्थी असतो, पहाटे पाचला कामावर निघणारा कामगार असतो. यांपैकी मध्यरात्री उठून कार्यकर्त्यांशी सौदा करावयास कोण जाणार? अशी वाटाघाट महाग पडते तेव्हा कायदा हक्क कोणाच्या पदरात टाकतो यालाच महत्त्व येते, हे कोसनेही सांगितले आहे.

हा हक्क झोपणाऱ्याच्या पदरातच का टाकावा, याचे उत्तर त्या घरातल्या आजोबांपाशी आहे. ज्याला आवाज हवा, तो शांततेत स्वतःपुरता आवाज निर्माण करू शकतो. त्याला एक रेडिओ किंवा पंखा पुरतो. ज्याला शांतता हवी, त्याला गोंगाटात स्वतःपुरती शांतता निर्माण करता येत नाही. ती विकत घेता येते, पण दुहेरी काचा, वातानुकूलन आणि पंधराव्या मजल्यावरील घर ज्याला परवडते त्यालाच. पत्र्याखाली, वाऱ्यासाठी दार उघडे टाकून झोपणाऱ्याला खिडकी लावून घेण्याचा सल्ला देणे ही क्रूर थट्टा आहे.

कायद्याने हे तत्त्व केव्हाच मान्य केले आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरविली. रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ रात्रीची मानून उघड्यावरील ध्वनिक्षेपकांस मनाई केली. सणासमारंभांसाठी राज्य शासनाला वर्षातील १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सूट देता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. उत्सवाचा आनंद, ढोलताशेवाल्यांची उपजीविका यांचा विचार या सवलतीत झालेला आहे. शहर मुके करावे, अशी मागणी कोणीच करीत नाही; प्रश्न केवळ आठ तासांचा आहे.

अडते ते अंमलबजावणीत. तक्रार करणाऱ्याचे नाव गल्लीत कळले की त्याची झोप कायमचीच उडते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तक्रारदाराची ओळख उघड होऊ न देता कारवाई करण्याचे पोलिसांना बजावले, ते योग्यच झाले. पण त्याही पुढे जाऊन, तक्रारीची वाट न पाहता दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद झाल्याची खातरजमा करणे, हे पोलिसांच्या रात्रीच्या गस्तीचे नित्याचे काम व्हावयास हवे. वाटाघाटीचा जो खर्च दुबळ्या शेजाऱ्याला पेलत नाही, तो उचलण्यासाठीच तर शासनसंस्था असते.

आजींना झोप लागावी म्हणून आजोबा रेडिओचा आवाज कमी करतात. तेथे कायदा लागत नाही, कारण तेथे माया असते. रस्त्यावरच्या अनोळखी शेजाऱ्याविषयी तेवढी माया वाटावी अशी अपेक्षा करता येत नाही; म्हणूनच तेथे नियम असावा लागतो, आणि तो पाळला जावा लागतो.