भेंडवळची मांडणी आणि वेधशाळेचा आंकडा

अक्षय्य तृतीया जवळ आली म्हणजे आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचें लक्ष जळगांव जामोद तालुक्यांतील भेंडवळ या गांवाकडे लागतें. त्या दिवशीं सायंकाळीं तेथील शेतांत घट आंखला जातो. त्याच्या कडेनें गहूं, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, करडई इत्यादि अठरा धान्यें मांडतात. मध्यभागीं खळगा करून त्यांत मातीचीं चार ढेकळें ठेवतात. त्यांवर पाण्यानें भरलेली घागर आणि तिच्यावर पुरी, पापड, करंजी, वडा असे पदार्थ. रात्र उलटली कीं सूर्योदयाच्या वेळीं वाघ घराण्यांतील जाणते पुरुष मांडणींत झालेले फरक पाहतात आणि जमलेल्या लोकांस वर्षाचें भाकीत सांगतात. चार ढेकळें म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. जें ढेकूळ अधिक भिजलें, त्या महिन्यांत पाऊस अधिक. चंद्रभान महाराज वाघ यांनीं सुमारें साडेतीनशें वर्षांपूर्वीं ही प्रथा घातली असें सांगतात, आणि आजही तें भाकीत ऐकण्यास विदर्भांतून व खानदेशांतून शेतकरी येतात.

त्याच सुमारास, म्हणजे एप्रिलच्या मध्यास, भारतीय हवामान खातेंही आपला अंदाज प्रसिद्ध करतें. त्याच्या पाठीशीं उपग्रह आहेत, समुद्राच्या उष्णतेचीं मोजमापें आहेत, शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदी आहेत. परंतु तो अंदाज आपल्या हातीं पडतो तो असा: ‘देशांत मोसमी पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या शेंकडा ९६ राहील.’ पारावर बसलेल्या कोणाही जाणत्या शेतकऱ्यास विचारावें कीं, या वाक्यावरून तुम्हीं आपल्या शेतांत काय बदललें? उत्तर बहुधा एकच मिळेल: कांहीं नाहीं.

भेंडवळचें भाकीत खरें कीं खोटें, हा वाद नवा नाहीं. अंधश्रद्धानिर्मूलनाचें कार्य करणाऱ्यांनीं त्यावर आक्षेप घेतलेले आहेत, आणि आमचेंही मत स्पष्ट आहे कीं, एका रात्रींत ढेकूळ किती भिजलें यावरून ऑगस्टचा पाऊस कळण्यास शास्त्राचा कांहीं आधार नाहीं. परंतु एवढें बोलून जे थांबतात, ते अर्धीच गोष्ट पाहतात. शेतकरी अडाणी आहे म्हणून भेंडवळला जातो, हें म्हणणें अन्यायाचें आहे. तो जातो, कारण तेथें त्यास त्याच्या भाषेंत उत्तर मिळतें. महिन्यांचीं नांवें घेतलीं जातात, पिकांचीं नांवें घेतलीं जातात. आधीं काय, नंतर काय आणि त्यामुळें काय, हा क्रम असतो. थोडक्यांत, तेथें वर्षाची गोष्ट सांगितली जाते. वेधशाळेकडे खरें मोजमाप आहे, पण गोष्ट नाहीं. भेंडवळकडे गोष्ट आहे, पण मोजमाप नाहीं. या दोहोंची गांठ कोणीच घालीत नाहीं, आणि त्याचा तोटा मात्र आपण सोसतों.

तोटा कसा, हें २०२३ सालच्या हंगामावरून पाहावें. त्या वर्षीं खात्याचा एप्रिलचा अंदाज शेंकडा ९६ चा होता; प्रत्यक्षांत देशांत शेंकडा ९४ पाऊस झाला. आंकड्याच्या दृष्टीनें अंदाज जवळजवळ बरोबर ठरला. आतां तोच हंगाम भेंडवळच्या चार ढेकळांप्रमाणें मांडून पाहूं. देशाचा हिशेब असा: जूनचें ढेकूळ सरासरीहून शेंकडा ९ नें कमी भिजलें. जुलैचें १३ नें अधिक. ऑगस्टचें ३६ नें कमी. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाहीं. सप्टेंबरचें पुन्हां १३ नें अधिक. आणि आपल्या जिल्ह्यांत काय झालें? २२ जुलै रोजीं जळगांव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांत असा पाऊस कोसळला कीं, नदीनाल्यांचे पूर शेतांतून गेले आणि उभ्या पिकांसह माती खरडून नेली. म्हणजे ज्या तालुक्यांत भेंडवळ आहे, तेथेंच जुलैंत जमीन वाहून गेली आणि पुढचा महिना देशभर पावसानें ओढ दिली. शेंकडा ९४ या एका आंकड्याच्या पोटांत हें सर्व दडलेलें आहे. सरासरीनें पीक येत नाहीं. पीक येतें तें वेळेवर पडलेल्या पावसानें.

कोणी म्हणेल कीं, एप्रिलमध्यें ऑगस्टचें भविष्य कोण सांगणार? तें खरें आहे, आणि खात्यानें तसा दावाही केला नव्हता. परंतु ३१ जुलै २०२३ रोजीं खात्यानें स्पष्ट कळविलें होतें कीं, ऑगस्टमध्यें देशांत पाऊस सरासरीहून कमी राहण्याचा संभव अधिक आहे. ही बातमी खरी होती, वेळेवर होती आणि मोलाची होती. ती वर्तमानपत्रांतून व मोबाईलवर आलीही. पण ‘सरासरीच्या शेंकडा ९४ हून कमी’ या रूपांत आली, आणि वाचून सोडून देण्यांत आली.

समजा, तीच बातमी १ ऑगस्टच्या सकाळीं गांवच्या चावडीवर कोणी अशी सांगितली असती: ‘मंडळी, जुलैनें हात सैल सोडला, आतां ऑगस्ट मूठ आंवळणार असें दिसतें. जूनच्या अखेरीस पेरलेलें आपलें सोयाबीन याच पंधरवड्यांत फुलावर येईल, आणि फुलाला तहान सोसत नाहीं. तेव्हां आज जमिनींत जी ओल आहे ती राखा. डवरणी करून भेगा बुजवा, डवऱ्यास दोरी बांधून सऱ्या काढा, म्हणजे पुढें पडेल तो थेंब तेथेंच मुरेल. ज्यांच्या विहिरीस पाणी आहे, त्यांनीं तें फुलोऱ्यासाठीं राखून ठेवावें. अंदाज चुकला तरी या कामांत कोणाचें नुकसान नाहीं.’ यांत वेधशाळेच्या आंकड्याहून एक शब्दही अधिक भाकीत नाहीं. फरक एवढाच कीं, आंकड्यास महिना मिळाला, पीक मिळालें आणि करावयाचें काम मिळालें.

हा प्रकार आपणांस परका नाहीं. पीक किती आलें हें आपले वाडवडील ‘सोळा आणे’, ‘बारा आणे’, ‘आठ आणे’ असें सांगत. रुपयाच्या या हिशेबांत निरक्षर माणसासही वर्षाची कहाणी समजे. सरकारनेंही तीच रीत आणेवारी म्हणून उचलली. पुढें नाणीं बदललीं तशी तिची पैसेवारी झाली, आणि ती ५० पैशांखालीं गेली कीं गांवांत टंचाईच्या सवलतींची चर्चा आजही सुरू होते. वऱ्हाडच्या मातींत जन्मलेले गाडगे महाराज कीर्तनांत श्रोत्यांसच प्रश्न विचारीत आणि कर्ज काढून सण व जेवणावळी करणाराचें घर कसें बुडतें, याचा हिशेब त्यांच्याच तोंडून वदवून घेत. तो जमाखर्चच होता. पण तो वहींत न राहतां लोकांच्या मनांत उतरला.

बाहेरच्या जगांतही हेंच दिसतें. क्रिमियाच्या युद्धांत इंग्रज सैनिक जखमांनीं मेले त्याहून कितीतरी अधिक रोगांनीं मेले, हें तक्त्यांत होतेंच. परंतु फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८५८ सालीं तेच मृत्यू महिन्यामहिन्यांचें रंगीत चक्र काढून दाखविले, तेव्हां तक्ते न वाचणाऱ्या अधिकाऱ्यांसही त्यांकडे पाठ फिरवितां येईना. आणि आपल्याच जिल्ह्यांत, मोताळा तालुक्यांतील सिंदखेड गांवानें २०१८ सालच्या वॉटर कप स्पर्धेंत राज्यांत दुसरें बक्षीस विभागून मिळविलें. त्या स्पर्धेच्या शिक्षणांत गांवकऱ्यांस पाण्याचा जमाखर्च शिकविला जाई: पाऊस किती आला, वाहून किती गेला, पिकांस किती लागला. पाण्याचा आंकडा एकदां घरच्या जमाखर्चाप्रमाणें दिसूं लागला, कीं कुदळ हातीं घेण्यास व्याख्यानाची गरज उरत नाहीं.

येथें मात्र एक इशारा देणें अवश्य आहे. गोष्टीस जसा गुण आहे तसा दोषही आहे. गोष्ट मनांत राहते, मग ती खरी असो वा खोटी. दहा भाकितांपैकीं तीन जुळलीं तर तीं तीन आपण वर्षानुवर्षें सांगतों, आणि सात चुकलेलीं कोणाच्या स्मरणांतही राहत नाहींत. बियाणें विकणारा एका शेतांतील विक्रमी पिकाची कथा सांगतो. त्याच वाणाच्या इतर शेतांचें काय झालें, हें सांगत नाहीं. कापूस वा सोयाबीन ‘आतां चढणारच’ या कथेवर माल घरांत ठेवून पुढें पडेल भावानें विकण्याची पाळी आपल्यापैकीं कितीकांवर आलेली आहे. म्हणून गोष्टीची कसोटी आंकड्यानेंच घेतली पाहिजे. जी गोष्ट सांगणारा पुढच्या वर्षीं तिचा हिशेब देण्यास तयार आहे, तीच ऐकण्यायोग्य. जी हिशेबास भिते, तिच्यावर पेरणी करूं नये.

संभवाची भाषाही आपण नीट समजून घेतली पाहिजे. ‘पावसाची शक्यता शेंकडा ७०’ याचा अर्थ पाऊस येणारच असा नव्हे. अशा दहा वेळां सांगितलें तर सात वेळां येईल आणि तीन वेळां येणार नाहीं, असा तो आहे. ज्याच्याजवळ दुबार पेरणीपुरतें बियाणें व पैसा आहे, तो सातांच्या बाजूनें जाऊं शकेल; ज्याच्याजवळ एकच पेरणीचें बळ आहे, त्यानें त्या तीन वेळांचा विचार आधीं करावा. आंकडा दोघांस एकच आहे, पण गोष्ट दोघांची निराळी आहे. म्हणून ती मुंबई-पुण्याहून सांगितली जाणें शक्य नाहीं, ती गांवांतच सांगितली पाहिजे.

तेव्हां आमच्या सूचना अशा. पहिली, सभासदांनीं आपल्या गांवचा पाऊस स्वतः मोजावा. पर्जन्यमापक नसेल तर सरळ कांठाचें, सपाट बुडाचें भांडें उघड्या शेतांत ठेवलें तरी काम भागतें. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर करावी, असें शेतीतज्ज्ञ सांगतात. हें ‘मिलिमीटर’ आपल्या कानास परकें वाटतें. पण भांड्यांत आडवीं चार बोटें पाणी सांचलें कीं सुमारें ७५ मिलिमीटर झाले, असें धरावें. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारें चार हजार लिटर पाणी, हेंही ध्यानांत ठेवावें. म्हणजे थोड्या पावसाचेंही मोल कळेल.

दुसरी, मंगळवारीं व शुक्रवारीं जी कृषिहवामान सल्लापत्रिका निघते, ती गांवांतील एका लिहित्यावाचत्या तरुणानें आधीं वाचावी आणि आपल्या शिवारांतील पिकांचीं नांवें घेऊन सायंकाळीं चारचौघांस सांगावी. अकोल्याचें पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ व जळगांव जामोद येथील कृषि विज्ञान केंद्र यांनीं आर्द्रता, वाऱ्याची दिशा व ढगांचें प्रमाण यांच्या कोष्टकाआधीं, ‘या आठवड्यांत काय करावें, काय करूं नये आणि कां’ हें चार वाक्यांत लिहिलें, तर त्यांचेच श्रम दसपटीनें कामीं येतील.

तिसरी सूचना आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या संस्थेनें एक वही घालावी. तींत भेंडवळचें भाकीत, पंचांगांतील पर्जन्यफल आणि वेधशाळेचा अंदाज, हे तिन्ही महिन्यावार लिहून ठेवावे. समोर प्रत्यक्ष पडलेला पाऊस लिहावा. दिवाळीनंतरच्या सभेंत ती वही सर्वांसमोर वाचावी. कोणाची थट्टा करूं नये, कोणास वांचवूंही नये. दहा वर्षांनीं ती वहीच सांगेल कीं कोणावर किती विसंबावें. ती वही म्हणजे आंकडाही असेल आणि गोष्टही असेल, आणि ती कोणा बाहेरच्यानें सांगितलेली नसेल.

अक्षय्य तृतीयेस भेंडवळला कोणी जाऊं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. जुन्या स्नेह्यांची भेट होते, पुढच्या हंगामाचा विचार मनांत सुरू होतो, हा लाभ लहान नाहीं. परंतु तेथून परततांना जें ऐकलें तें वहींत लिहून ठेवावें, आणि मृगाआधीं भांडें शेतांत मांडावें. चार ढेकळांची भाषा आपणांस येते. तींत खरे आंकडे भरण्याचें काम आपलें आहे. शेतकरी बंधूंनीं याचा विचार करावा, इतकीच विनंती.